प्लगइन बंद केलं, मग नोंदी गेल्या कुठे?

समजा, एका गावातल्या जुन्या वाचनालयाने आपल्याकडच्या दिवाळी अंकांची सूची वेबसाइटवर घातली आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर चालते. अंकातल्या प्रत्येक कथेची, कवितेची, लेखाची वेगळी नोंद आहे आणि नोंदीसोबत लेखक, नियतकालिक, वर्ष अशी माहिती आहे. हे सगळं लावून ठेवण्यासाठी एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवलेलं आहे. एके दिवशी वेबसाइट हळू चालते म्हणून कुणीतरी ते प्लगइन बंद करतं. लगेच डावीकडच्या यादीतून ‘साहित्य’ हा विभाग नाहीसा होतो, लेखकांची यादी जाते आणि वाचकाने जुना पत्ता उघडला की ‘पान सापडलं नाही’ असा निरोप येतो. घाबरून प्लगइन पुन्हा सुरू करावं, तर सगळं जसंच्या तसं हजर. काना-मात्रेचाही फरक नाही.

मधल्या वेळात त्या नोंदी होत्या कुठे? प्लगइनसोबत गेल्या म्हणाव्यात, तर परत आल्या कशा? आणि गेल्याच नव्हत्या, तर दिसत का नव्हत्या? वेबसाइट सांभाळणाऱ्या पुष्कळांना हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर कळलं की असं प्लगइन कसं निवडायचं, कसं बसवायचं आणि त्याच्या भरवशावर काय सोडायचं नाही, हे सगळंच सोपं होतं.

कोऱ्या वर्डप्रेसला काय कळतं

वर्डप्रेस २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं, ते रोजच्या रोज काही लिहून प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, पण मूळ स्वभाव कायम आहे. नव्याने बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये लिहायच्या जागा दोनच. एक पोस्ट, जी तारखेप्रमाणे लागते. दुसरं पान, जे ‘आमच्याविषयी’सारख्या कायमच्या मजकुरासाठी असतं. पोस्टची वर्गवारी करायलाही दोनच सोयी आहेत. कॅटेगरीच्या पोटात उपकॅटेगरी करता येते. टॅगमध्ये अशी उतरंड नसते, एका पातळीवर कितीही शब्द लावा. टॅगची सोय तर २००७ मधल्या २.३ या आवृत्तीत आली.

दिवाळी अंकांची सूची एवढ्यात बसवायची म्हटलं की पहिला विचार कॅटेगरीच्या झाडाचा येतो. आधी वर्ष, वर्षाच्या पोटात नियतकालिक, त्याच्या पोटात कथा, कविता, लेख. कागदावर हे सुबक दिसतं. आता हिशेब करून पाहा. ५० वर्षं, २० नियतकालिकं आणि ६ साहित्यप्रकार धरले तर सगळ्यात खालच्या पायरीवर ६,००० खाने होतात. ‘कथा’ हा शब्दच १,००० वेळा लिहावा लागेल. एवढं करून एखाद्या वाचकाने ‘सगळ्या वर्षांतल्या विज्ञानकथा दाखवा’ म्हटलं, तर ते झाड उपयोगाचं नाही, कारण विज्ञानकथा हजार फांद्यांवर विखुरलेल्या आहेत.

एका नोंदीच्या अनेक बाजू

ग्रंथालयांना हा पेच फार जुना आहे. मेल्विल ड्यूईची दशांश पद्धत १८७६ सालची. तिच्यात प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक मिळतो, कारण पुस्तक शेवटी एकाच फळीवर एकाच जागी उभं राहणार असतं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांना हे अपुरं वाटलं. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. विषयाचा एकच डबा शोधत बसण्यापेक्षा त्याच्या बाजू वेगवेगळ्या नोंदवाव्यात आणि मग जोडाव्यात, असं त्यांनी मांडलं. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात स्थळ ही एक बाजू आहे, काळ ही दुसरी, आणि अशा आणखी बाजू आहेत. आज खरेदीच्या वेबसाइटवर आपण आकार, रंग, किंमत वेगवेगळी निवडून यादी आटोक्यात आणतो, त्यामागे हाच विचार आहे. भारतातल्या एका ग्रंथपालाने तो संगणकाच्या कितीतरी आधी केला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दिवाळी अंकांना हा विचार लावला की चित्र बदलतं. वर्षांची एक यादी, ५० शब्दांची. नियतकालिकांची एक, २० शब्दांची. साहित्यप्रकारांची एक, ६ शब्दांची. एकूण शब्द ७६. प्रत्येक नोंदीला तिन्ही याद्यांतला एकेक शब्द लावला की ६,००० खान्यांचं काम होतं, आणि ‘सगळ्या वर्षांतल्या कथा’ हा प्रश्नही एका क्लिकवर सुटतो. अशा प्रत्येक यादीला वर्डप्रेसमध्ये टॅक्सॉनॉमी म्हणतात. कॅटेगरी आणि टॅग या वर्डप्रेससोबत आयत्या आलेल्या दोन टॅक्सॉनॉमी. आपण आपल्या आणखी करू शकतो. तसंच, पोस्ट आणि पान यांच्या जोडीला ‘साहित्य’ असा नोंदीचा स्वतःचा प्रकार करता येतो. त्याला कस्टम पोस्ट टाइप म्हणतात. २०१० मधल्या ३.० आवृत्तीपासून या दोन्ही गोष्टी सहज वापरता येऊ लागल्या.

प्लगइनला हात लावण्याआधी एक निर्णय कागदावर घ्यावा लागतो: आपली एक नोंद म्हणजे नेमकं काय? अख्खा अंक, की अंकातली एकेक कथा? ‘अमुक लेखकाची कथा कोणत्या अंकात आली होती?’ हा वाचनालयात नेहमी येणारा प्रश्न आहे. तेव्हा नोंद कथेची हवी. मग अंकाचं काय? इथे दिवाळी अंकाचा स्वभावच मदतीला येतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून तो वर्षातून एकदाच येतो. त्यामुळे नियतकालिकाचं नाव आणि वर्ष एवढं मिळालं की अंक ठरतो, त्याची वेगळी नोंद नसली तरी शोध अडत नाही. मासिकाची सूची करायची असती तर महिन्याची बाजूही धरावी लागली असती. असे निर्णय कोणतंही प्लगइन आपल्यासाठी घेत नाही. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि ते संगणकाजवळ न बसता, अंक ज्यांच्या हाताखालून गेले आहेत अशा माणसाला सोबत घेऊन करावं.

प्लगइन ‘सुरू’ होतं म्हणजे काय होतं

प्लगइन म्हणजे पीएचपी या भाषेत लिहिलेल्या फायलींचा एक फोल्डर. तो वर्डप्रेसच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. फाइलच्या माथ्यावर प्लगइनचं नाव सांगणारी एक टीप असते. ती वाचूनच वर्डप्रेसला कळतं की इथे एक प्लगइन आहे. मग आपण ‘सुरू करा’ हे बटण दाबतो, तेव्हा डेटाबेसमधल्या एका यादीत त्या फाइलचं नाव लिहिलं जातं. ‘बंद करा’ म्हटलं की नाव यादीतून खोडलं जातं. मुख्य फरक एवढाच. वेबसाइटचं कुठलंही पान कुणीही उघडलं, की वर्डप्रेस प्रत्येक वेळी ही यादी वाचतं आणि त्यातल्या फायली एकामागून एक मागवतं.

पण मागवलेली फाइल वर्डप्रेसच्या कामात शिरते कशी? मूळ प्रोग्रामला धक्का न लावता बाहेरचं काही त्यात कसं मिसळतं? लग्न लावणाऱ्या गुरुजींची पोथी ठरलेली असते. तरी मध्ये मध्ये ते थांबतात आणि विचारतात, ‘तुमच्या घरचा काही कुळाचार असेल तर तो आता करून घ्या.’ असेल तर घरची मंडळी तो करतात, नसेल तर विधी पुढे सरकतो. पोथी कुणी बदलत नाही, पण प्रत्येक घरचं लग्न त्या घरच्या रीतीने लागतं. वर्डप्रेसही पान तयार करताना शेकडो ठरलेल्या जागी असं थांबतं. या जागांना हुक म्हणतात. ‘इनिट’ नावाचा हुक अगदी सुरुवातीला येतो आणि तिथेच आपलं प्लगइन सांगतं: या वेबसाइटवर ‘साहित्य’ नावाचा नोंदीचा प्रकार आहे, आणि त्याला लेखक, नियतकालिक, वर्ष, साहित्यप्रकार अशा चार याद्या जोडल्या आहेत.

महत्त्वाचं हे, की हे सांगणं प्रत्येक पानाच्या वेळी नव्याने होतं. वर्डप्रेस ते लक्षात ठेवत नाही. दिवसात हजार पानं उघडली गेली तर हजार वेळा सांगितलं जातं. प्लगइन बंद असेल तर सांगणारं कुणी नसतं, आणि ‘साहित्य’ असा काही प्रकार असतो हे वर्डप्रेसला माहीतच नसतं.

नोंदी राहतात कुठे

नोंदी स्वतः मात्र डेटाबेसमध्ये, वर्डप्रेसच्या स्वतःच्या तक्त्यांत राहतात. पोस्ट, पानं आणि आपलं ‘साहित्य’, सगळं एकाच तक्त्यात असतं. प्रत्येक ओळीत एक रकाना असतो, त्यात ही ओळ कोणत्या प्रकारची आहे ते लिहिलेलं असतं. प्लगइन बंद झाल्यावर ती ओळ तिथेच असते, ‘साहित्य’ हा शब्दही त्या रकान्यात असतो. फक्त त्या शब्दाचा अर्थ सांगणारं कुणी नसल्यामुळे वर्डप्रेस ती ओळ दाखवत नाही. प्लगइन पुन्हा सुरू झालं की अर्थ कळतो आणि ओळी दिसू लागतात.

याद्यांचा कारभार आणखी बघण्यासारखा आहे. त्यासाठी मुख्यतः तीन तक्ते आहेत. पहिल्यात नुसते शब्द: क्रमांक १७, ‘कथा’. दुसऱ्यात तो शब्द कोणत्या यादीतला आहे आणि त्याच्या वर कुणी आहे का: १७ हा ‘साहित्यप्रकार’ या यादीतला, वर कुणी नाही. तिसऱ्यात नुसत्या आकड्यांच्या जोड्या: नोंद ४१२ ला १७ लागू. ‘कथा’ हा शब्द त्या नोंदीत कुठेही लिहिलेला नसतो. म्हणून उद्या ‘कथा’ऐवजी ‘लघुकथा’ करायचं ठरलं तर पहिल्या तक्त्यात एकच दुरुस्ती करायची आणि हजारो नोंदींवर ती आपोआप दिसते. उतरंडीचा फायदाही दुसऱ्या तक्त्यातून मिळतो. ‘विज्ञानकथा’ ही ‘कथा’च्या पोटात ठेवली, की ‘कथा’ उघडणाऱ्याला विज्ञानकथाही दिसतात.

> चौकट: कुणाचं काय
> नोंदी आणि याद्यांतले शब्द वर्डप्रेसच्या तक्त्यांत राहतात. प्लगइन बंद केल्याने त्यांना काही होत नाही.
> त्या नोंदींना ‘साहित्य’ म्हणतात आणि या यादीला ‘लेखक’ म्हणतात, हे सांगण्याचं काम प्लगइनचं. ते बंद झालं की सांगणं थांबतं.
> सगळं दिसतं कसं, म्हणजे रंग, अक्षरं, मांडणी, हे थीमचं. नोंदीचे प्रकार थीमच्या फायलींत लिहू नयेत. थीम बदलली की प्लगइन बंद केल्यासारखाच घोटाळा होतो.

प्रत्यक्ष बसवताना

या कामासाठी ‘कस्टम पोस्ट टाइप यूआय’ हे फुकट मिळणारं प्लगइन पुष्कळ जण वापरतात. ‘पॉड्स’ हेही चांगलं आहे. वर्डप्रेसच्या अधिकृत दालनात ५० हजारांहून जास्त प्लगइन आहेत, तेव्हा निवडताना प्रत्येकाच्या पानावरच्या दोन गोष्टी आधी पाहाव्यात: शेवटचं अद्ययावत कधी केलं, आणि सध्याच्या वर्डप्रेसवर तपासलं आहे का. कित्येक वर्षं हात न लागलेलं प्लगइन कितीही सोयीचं दिसलं तरी घेऊ नये. बसवण्याआधी वेबसाइटची पूर्ण प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवावी.

प्लगइन सुरू झालं की नव्या प्रकाराचा फॉर्म उघडतो. त्यात तीन नावं मागतात. दोन माणसांसाठी, एकवचनी आणि अनेकवचनी. ती खुशाल मराठीत लिहावीत. तिसरं यंत्रासाठी. ते छोट्या रोमन अक्षरांत, जागा न सोडता, आणि प्रकाराचं असेल तर २० अक्षरांच्या आत, यादीचं असेल तर ३२ च्या आत बसवावं लागतं. हेच यंत्रनाव डेटाबेसच्या त्या रकान्यात उमटतं. मागाहून ते बदललं तर जुन्या ओळींवर जुनं नाव राहतं आणि त्या दिसेनाशा होतात. म्हणून ते पहिल्यांदाच विचार करून ठेवावं.

इथेच सगळ्यात साधा दिसणारा सापळा आहे. वर्षाच्या यादीला ‘इयर’ आणि लेखकांच्या यादीला ‘ऑथर’ हे यंत्रनाव चटकन सुचतं. दोन्ही चालत नाहीत. वर्डप्रेस हे शब्द स्वतःच्या कामासाठी वापरतं. पत्त्यात ‘इयर’पुढे १९६५ आलं की त्याचा अर्थ ते ‘या वेबसाइटवर १९६५ साली प्रसिद्ध झालेलं सगळं दाखव’ असा घेतं. तेव्हा वेबसाइटच नव्हती, म्हणून रिकामं पान येतं आणि आपण मात्र नोंदीत चूक शोधत बसतो. ‘ऑथर’ म्हणजे त्याच्या दृष्टीने वेबसाइटवर मजकूर चढवणारी व्यक्ती. अशा राखीव शब्दांची यादी बरीच लांब आहे. उपाय सोपा: प्रत्येक यंत्रनावाच्या आधी आपलं एक ठरलेलं उपपद लावायचं, जसं ‘वाच_लेखक’, ‘वाच_वर्ष’, अर्थात रोमन अक्षरांत. राखीव शब्दांशीही टक्कर होत नाही आणि दुसऱ्या प्लगइनशीही.

यादी तयार करताना ती कोणत्या प्रकाराला जोडायची ते विचारलं जातं. तिथे ‘साहित्य’वर खूण करायची राहिली तर नोंदीच्या पडद्यावर ती यादी येतच नाही. ‘रेस्ट एपीआय’मध्ये दाखवायचं का, असाही एक प्रश्न असतो. नाव अनोळखी असलं तरी ‘हो’ म्हणावं. २०१८ च्या शेवटी आलेल्या ५.० आवृत्तीपासूनचा नवा संपादक याच वाटेने माहिती मागतो; ‘नाही’ म्हटलं तर त्यात लेखक निवडायची चौकट दिसत नाही. आणि सगळं करूनही नव्या नोंदीचं पान सापडलं नाही असं आलं, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘पर्मालिंक’ या पानावर जाऊन काही न बदलता ‘जतन करा’ एवढंच दाबावं. कोणता पत्ता कुठे न्यायचा याचे नियम वर्डप्रेस एकदा तयार करून ठेवतं. त्या बटणाने ते नव्याने तयार होतात. बहुतेक चांगली प्लगइन हे स्वतःच करतात, पण नेहमी नाही.

लेखकाच्या नावातला अल्पविराम

लेखकांच्या यादीला उतरंड नको, कारण एका लेखकाच्या पोटात दुसरा लेखक नसतो. म्हणून ती टॅगसारखी सपाट करावी असं वाटतं. पण सपाट यादीत नावं टाइप करून भरतात, आणि टॅगच्या चौकटीत अल्पविराम म्हणजे ‘एक शब्द संपला, दुसरा सुरू’. ग्रंथालयाच्या शिस्तीप्रमाणे कुणी ‘देशपांडे, पु. ल.’ असं लिहिलं, की ‘देशपांडे’ हा एक लेखक आणि ‘पु. ल.’ हा दुसरा, असे दोघं तयार होतात. शिवाय टाइप करणारी माणसं वेगवेगळी असली की ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ असे तीन वेगळे लेखक यादीत उभे राहतात आणि एकाच माणसाचं लेखन तीन ठिकाणी विभागलं जातं.

म्हणून माझा आग्रह असा, की उतरंड लागत नसली तरी लेखकांची यादी उतरंडीचीच करावी. त्या प्रकारच्या यादीत आधीपासूनची नावं समोर दिसतात, शोधून खूण करायची असते आणि अल्पविरामाने नाव तुटत नाही. आडनाव आधी लिहिलं की अकारविल्हे क्रमही नीट लागतो, नाहीतर पुलं ‘प’मध्ये आणि बाकीचे देशपांडे भलतीकडे जातात. टोपणनावांचं काय करायचं, हेही आधी ठरवावं. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच. मुख्य नाव कोणतं ठेवायचं ते एकदा ठरवून दुसरं त्या शब्दाच्या वर्णनात लिहावं. शोधणारा कोणत्याही नावाने आला तरी त्याला वाट मिळाली पाहिजे.

दिसायला एक, यंत्राला दोन

मराठीत आणखी एक अडचण आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतं: ‘अ’ला चंद्र जोडून, किंवा २००८ च्या युनिकोड ५.१ आवृत्तीत मिळालेल्या स्वतंत्र अक्षराने. ‘कादंबऱ्या’मधला ऱ्या सुद्धा दोन प्रकारे होतो. एक, ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. दुसरा, खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. छापून आलं तर दोन्ही हुबेहूब. यंत्र मात्र अक्षरांचे क्रमांक पाहतं आणि क्रमांक वेगळे आहेत. एकाने इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘कादंबऱ्या’ लिहिलं आणि दुसऱ्याने मोबाइलवर, तर यादीत एकसारखे दिसणारे दोन शब्द होऊ शकतात, प्रत्येकाखाली थोड्या थोड्या नोंदी. ‘हे दोनदा का आलं?’ म्हणून कितीही निरखलं तरी कारण सापडत नाही. यावरही तोडगा तोच: शब्द एकदाच, एकाच माणसाने लिहायचे, बाकीच्यांनी फक्त खूण करायची.

शब्दाच्या पत्त्याचंही असंच. प्रत्येक शब्दासाठी वर्डप्रेस पत्त्यात जोडायचं एक रूप आपोआप तयार करतं, त्याला स्लग म्हणतात. त्याची मर्यादा २०० अक्षरांची. इंग्रजीला ती भरपूर आहे, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही चिन्हंच. हिशेबाने देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘बालकुमारांसाठी विज्ञानकथा’ यात २४ चिन्हं आहेत. त्यामुळे स्लग ‘बालकुमारांसाठी-विज्ञानक’ इथे तुटतो. नाव मराठीतच ठेवावं, स्लग मात्र हाताने लिहावा: मराठीतच पण आखूड, किंवा रोमन अक्षरांत. आणि एकदा लोकांनी ते दुवे जपून ठेवले की बदलू नये.

किंमत, पृष्ठसंख्या आणि बाकीचं

प्रत्येक माहितीची यादी करायची नसते. कथा कोणत्या पानावर आहे, अंकाची किंमत किती होती, वाचनालयातला दाखल क्रमांक कोणता, हे वाचायचं असतं. ‘पान ८७ वरचं सगळं साहित्य दाखवा’ असं कुणी म्हणत नाही. अशी माहिती नोंदीसोबतच्या रकान्यांत, म्हणजे कस्टम फील्डमध्ये ठेवावी. पारख साधी आहे: या माहितीवर क्लिक करून तिच्यासारख्या इतर नोंदी कुणाला बघायच्या असतील तर यादी, नाहीतर फील्ड. उलट केलं तर दोन्हीकडे त्रास. फील्डमधल्या मजकुराची अनुक्रमणिका वर्डप्रेस ठेवत नाही. वर्ष फील्डमध्ये घातलं आणि त्यावर शोध ठेवला, तर नोंदी वाढतील तसा तो मंदावत जातो.

काढून टाकण्याआधी

‘बंद करा’ आणि ‘हटवा’ ही दोन वेगळी बटणं आहेत. बंद केल्याने काय होतं ते पाहिलं. हटवताना मात्र प्लगइनला जाता जाता आवराआवर करण्याची मुभा असते, आणि काही प्लगइन आपल्या मागे ठेवलेली सगळी माहिती पुसून जातात. म्हणून हटवण्याआधी पुन्हा बॅकअप घ्यावा.

प्लगइन बदलायची वेळ आली तर घाबरण्याचं कारण नाही. नोंदी वर्डप्रेसच्या तक्त्यांत आहेत आणि त्यांच्यावर आपण ठेवलेली यंत्रनावं आहेत. दुसऱ्या कोणत्याही प्लगइनने तीच यंत्रनावं, जशीच्या तशी, पुन्हा सांगितली की सगळ्या नोंदी त्यांच्या लेखकांसह, वर्षांसह समोर येतात. कस्टम पोस्ट टाइप यूआयमध्ये तर आपल्या मांडणीचा कोड काढून देण्याचीही सोय आहे. तो एका छोट्या फाइलमध्ये ठेवला की त्या प्लगइनवाचूनही काम चालतं. तो कोड, पाचही यंत्रनावं आणि लेखकांची नावं लिहिण्याचे ठरलेले नियम छापून वाचनालयाच्या दप्तरात ठेवावेत. वेबसाइट आज सांभाळणारी व्यक्ती उद्या गाव सोडून गेली, तर तिच्या जागी येणाऱ्याला हीच कागदपत्रं पहिल्यांदा लागतील.